निजामाची तक्रार, पिंगळीचा इतिहास

परभणीजवळचे पिंगळी 1948 पर्यंत निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याने स्वतंत्र राष्ट्रासारखे परराष्ट्र धोरण चालवून पाहिले. भारताशी जैसे थे करार, पाकिस्तानला 20 कोटींचे कर्ज आणि ऑगस्ट 1948 मध्ये थेट सुरक्षा परिषदेत तक्रार! चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या राज्याला हे झेपणारे नव्हते. तडजोडीची वाट होती. पण 27 ऑक्टोबर 1947 ला रझाकारांनी, म्हणजे निजामसमर्थक सशस्त्र स्वयंसेवकांनी, भारताशी वाटाघाटी करणाऱ्यांच्याच घरांना वेढा घातला आणि पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले. बहुसंख्य प्रजेला सत्तेत वाटा द्यायचा नाही, म्हणून बाहेरचा आधार शोधायचा, हे त्या धोरणाचे खरे मूळ. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने भारतापुढे शरणागती पत्करली, पाच दिवसांत तक्रार मागे घेतल्याची तारही गेली.

17 सप्टेंबरचा मुक्तिदिन आपण अभिमानाने साजरा करतो, तो करावाच. पण रझाकारांच्या अत्याचारांनंतर निरपराध मुस्लिमांवर जो सूड उगवला गेला, तो पंडित सुंदरलाल समितीने नोंदवला आणि तो अहवाल अनेक दशके दडवला गेला. परभणी जिल्ह्यातल्या शाळांत मुक्तिसंग्रामाबरोबर तोही शिकवला गेला पाहिजे.