रेघांतला माणूस आणि बुद्धीची मोजणी

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती खडू देऊन त्याला 'माणूस काढ' म्हटले, तर ते बहुधा एक वाटोळे काढते, त्यात डोळ्यांचे दोन ठिपके देते आणि वाटोळ्याखालून थेट दोन रेघा सोडते. धड नाही, मान नाही. डोक्यालाच पाय फुटलेले. वर्ष-दोन वर्षांत धड येते, हात आपल्या जागी जातात, बोटे मोजून पाच होतात. इटलीतील कोर्रादो रिच्ची यांनी १८८७ साली मुलांच्या चित्रांवर पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हापासून या क्रमाने अभ्यासकांना भुरळ घातली आहे.

या क्रमातूनच एक मोहही जन्मला. मनात जेवढे उमगले तेवढेच कागदावर उतरते असे असेल, तर चित्र हा बुद्धीचा आरसाच नव्हे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली या कल्पनेला मोजपट्टी लावली. मुलाने माणसाचे चित्र काढायचे आणि परीक्षकाने सौंदर्याकडे न पाहता ५१ बाबी तपासायच्या. डोळे, नाक, तोंड आहे काय, धडाची लांबी रुंदीपेक्षा अधिक आहे काय, बोटांची संख्या बरोबर आहे काय, अंगावर कपडे दाखविले आहेत काय, असे एकेक गुण जमवून बेरजेवरून मानसिक वय ठरवायचे. खर्च एका कागदाचा, आणि भाषेची अडचण जवळजवळ नाहीच. इतकी स्वस्त कसोटी जगभर पसरली नसती तरच नवल! आपल्याकडेही प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय मुलांसाठी तिचे रूपांतर सिद्ध केले.

तथापि स्वस्त माप खरे असतेच असे नाही. वेन डेनिस यांनी १९४२ साली अमेरिकेतील होपी या आदिवासी जमातीच्या मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलग्यांचा सरासरी बुद्ध्यंक ११६ च्या पुढे गेला, मुलींचा मात्र ९९ च्या आसपास राहिला. एकाच वस्तीतील, एकाच अन्नावर वाढलेल्या मुलामुलींच्या बुद्धीत एवढी दरी कशी पडावी? उत्तर मेंदूत नव्हते, श्रमविभागणीत होते. त्या समाजात आकृती रंगविण्याचे काम पुरुषांकडे असे, आणि मुलगे ते पाहत वाढत. पापुआ न्यू गिनीतील एका दुर्गम खोऱ्यात शाळेत जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांनी काढलेल्या मानवाकृतींचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही शाळेतल्या मुलांची चित्रे आपल्याला ओळखीच्या वळणाची, तर इतरांची पुष्कळ वेगळी आढळली. खुद्द गुडइनफ यांनी डेल हॅरिस यांच्यासमवेत १९५० साली मान्य केले, की संस्कृतीपासून सर्वस्वी अलिप्त अशी कसोटी शोधणे हा भ्रम आहे.

याचा पडताळा घेण्यास होपींच्या देशी जाण्याचेही कारण नाही. डहाणू-तलासरीच्या वारली घरांतील भिंतींवर टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे धड आणि वर वाटोळे मस्तक असते. त्या मस्तकाला बहुधा डोळे नसतात, नाक नसते, तोंड नसते. गुडइनफ यांच्या तक्त्यावर ही माणसे पटापट गुण गमावतील. पण तारप्याभोवती फेर धरलेल्या त्या आकृत्यांतील गती ज्यांच्या हातून उतरली, त्यांना मंदबुद्धी म्हणण्याचे धाष्टर्य कोण करील?

म्हणून मुलांच्या चित्रात काहीच अर्थ नाही, असे म्हणणे हे दुसरे टोक होईल. ब्रिटनमधील ७,७५२ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी काढलेल्या चित्राचा त्याच वयातील बुद्धिचाचणीशी ०.३३ इतका, तर चौदाव्या वर्षीच्या बुद्धीशी ०.२० इतका सहसंबंध निघाला. संबंध आहे हे खरे. परंतु संख्याशास्त्राचा विद्यार्थी जाणतो, की ०.२० चा वर्ग ०.०४ होतो. चौदाव्या वर्षीच्या बुद्धीतील तफावतीचा अवघा चार टक्के भाग त्या चित्रावरून सांगता येतो. उरलेल्या ९६ टक्क्यांविषयी चित्र मौन पाळते. त्या चार टक्क्यांच्या आधारावर एखाद्या बालकाच्या भवितव्याविषयी मत बनविणे हा शुद्ध अन्याय आहे.

चेहरा काढणाऱ्या हाताकडून चेहरा ओळखणाऱ्या मेंदूकडे वळले, की प्रश्न अधिक रोचक होतो. लिपी ही मानवाच्या इतिहासात कालपरवाची गोष्ट. तिच्यासाठी निसर्गाने मेंदूत स्वतंत्र दालन बांधलेले नाही. स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगाल व ब्राझीलमधील ६३ प्रौढांची तपासणी करून २०१० साली दाखविले, की वाचन शिकलेल्यांत मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो आणि तेथील चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद काहीसा घटून उजव्या बाजूस वाढतो. अक्षरओळख चेहऱ्यांच्या मोबदल्यात विकत घ्यावी लागते की काय, अशी शंका त्यातून निघाली. तिला उत्तर मिळाले ते लखनौनजीकच्या खेड्यांतून. तेथील निरक्षर, अर्धसाक्षर आणि साक्षर व्यक्तींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि देवनागरी वाचणाऱ्यांत चेहऱ्यांचा प्रतिसाद घटल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. त्याआधी, २०१७ साली, त्याच परिसरातील प्रौढांचा, बहुतांशी तिशीच्या आसपासच्या स्त्रियांचा, दुसरा अभ्यास आला होता. सहा महिने वाचन-लेखन शिकल्यावर त्यांच्या मेंदूच्या खोलवरच्या भागांतील जोडण्यांतही बदल दिसून आला होता.

या निष्कर्षांचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते नाही. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आपण किती सहजपणे उच्चारतो! जणू निरक्षरता हा बुद्धीचा दोष आहे, आणि वय उलटले की तो असाध्य होतो. विज्ञान नेमके उलट सांगते. शेकडो चेहरे लक्षात ठेवणारा निरक्षराचा मेंदू उणा नसतो. त्याला अक्षरे मिळालेली नसतात, एवढेच. आणि तिशीतही ती मिळाली, तर मेंदू त्यांच्यासाठी जागा करून देतो.

मग जागा करून देण्यास मागे कोण राहते? प्रौढ साक्षरतेच्या केंद्रीय योजनेसाठी २०२२ ते २०२७ या पाच वर्षांकरिता १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि पाच कोटी व्यक्तींना साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये पडतात. उरलेला भार स्वयंसेवकांच्या सद्भावनेवर! जी गुंतवणूक माणसाच्या मेंदूची घडण बदलू शकते, तिची किंमत एका जोडी चपलांहूनही कमी धरणारे अंदाजपत्रक काटकसरीचे म्हणावे की कोत्या दृष्टीचे?

हाच न्याय बालकांनाही लागू आहे. २०० किंवा २,००० मुलांच्या चित्रांना गुण देत बसण्यापेक्षा अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाला रोज कोरा कागद आणि खडू मिळतो की नाही, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, ती मुलांची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळाप्रवेशासाठी बालकाला चाळणी लावण्यास मनाई केली आहे. त्या कलमाचा आशय शिक्षकांनी आणि पालकांनीही मनोमन स्वीकारला पाहिजे.

मुलाने काढलेल्या माणसाला हात नसतील, तर त्या मुलात काय उणे आहे हे विचारण्याची घाई नको. त्याच्या हाती आजवर खडू कोणी दिला होता काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. आणि त्याचे उत्तर मुलाने नव्हे, समाजाने द्यावयाचे आहे.