निर्दय कसोटी हवी

नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात बांधलेले पहिले ‘तेजस मार्क १ए’ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु विमानाची खरी परीक्षा भूमीवरच होत असते. १९५४ साली दोन ब्रिटिश ‘कॉमेट’ विमाने प्रवाशांसह हवेतच फुटली. त्यांची चाचणी झाली नव्हती असे नव्हे. पण ज्या सांगाड्यावर आधी दुप्पट दाब दिला, त्याच्यावरच पुढे धातूच्या थकव्याची परीक्षा घेतली गेली. त्या दाबाने खिडक्यांचे कोपरे उलट अधिक टिकाऊ झाले आणि कसोटीने खोटा निर्वाळा दिला! देवरूखनजीक आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात उद्याचे अभियंते घडत आहेत. चाचणी समाधानासाठी नव्हे, दोष शोधण्यासाठी असते, हा धडा त्यांना प्रथम मिळाला पाहिजे.