चवदार तळ्याचा न्याय महाविद्यालयांना का नाही?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्य करून चवदार तळे खुले केले. पण केवळ कागदावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी आणि उच्च न्यायालयाचा निर्णय आला तो १७ मार्च १९३७ रोजी. दार उघडे असल्याचे सांगणे वेगळे आणि आत कोण आले हे मोजणे वेगळे, हा महाडचा धडा आहे.

आज हाच धडा मुंबईतील सेंट झेवियर्ससारख्या नामांकित महाविद्यालयांपुढे ठेवण्याची वेळ आली आहे. जेझुइट पाद्र्यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे अध्यापनकार्य मोठे आहे, हे कोणीही नाकारणार नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेला अधिकारही मान्य. आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखण्याची मुभा अशा अनुदानित संस्थांना सर्वोच्च न्यायालयाने सेंट स्टीफन्स प्रकरणात दिली. प्रश्न उरलेल्या जागांचा आहे. तेथेही अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही! २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना त्यातून वगळले. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने अकरावीच्या अशा जागांना आरक्षण लागू करू पाहिले. संस्थांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि जूनमध्ये त्याला अंतरिम स्थगिती मिळाली. सामाजिक न्यायाचे ढोल बडवणारे तथाकथित सेक्युलर तेव्हा कोठे होते?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांचा अहवाल प्रसिद्ध केला. ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर निघाले. मात्र सर्व अल्पसंख्याक शाळांत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुले होती जेमतेम ८.७६ टक्के. म्हणजे परधर्मीयांना दार उघडे आहे, गरिबाला मात्र नाही. मग सवलत नेमकी कोणाच्या रक्षणासाठी?

अमेरिकेतील नोत्र दामसारखी कॅथलिक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांत किती कोणत्या वंशाचे, किती कॅथलिक, हे उघडपणे सांगतात. मोजणी केल्याने तेथे कोणाचा धर्म बुडाला नाही. येथे मात्र हिशेब मागणारा जातीयवादी ठरतो!

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती संस्थांचाही नव्हे. सिंधी, गुजराती अशा भाषिक अल्पसंख्याकांची महाविद्यालये बहुतांशी हिंदूंच्याच हाती आहेत. त्यांनाही हीच कसोटी लागली पाहिजे. हिंदू समाजाने आपल्या घरापासून हिशेब मागण्यास कचरू नये.

मागणी साधी आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रवेश संपताच किती विद्यार्थी कोणत्या प्रवर्गातील, किती ग्रामीण, किती अल्प उत्पन्नाचे, याचा फलक प्रवेशद्वारी लावावा. पोलादपूरच्या डोंगरवाडीतील कातकरी मुलगी उद्या मुंबईत त्या दारापाशी उभी राहिली, तर तिला त्या फलकावर आपल्यासारख्यांचा आकडा दिसला पाहिजे. तो आकडा शून्य असेल, तर चवदार तळ्याचे पाणी अजून सर्वांपर्यंत पोहोचायचे आहे.