गाणी किती आहेत?

नवा चित्रपट पाहून कोणी घरी आला म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून त्यास विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गाणी कशी आहेत?’ गाणी नाहीत असे उत्तर आले, तर संगीत कोणाचे आहे हे विचारण्याचे कोणास कारणच उरत नाही. परीक्षकांची तऱ्हा याहून निराळी नाही. कथेस दोन स्तंभ, नटनटींस एक, आणि शेवटी ‘पार्श्वसंगीत प्रसंगास अनुरूप’ हे तीन शब्दांचे दान. ते परीक्षकाने ऐकले होते किंवा नाही, हे या तीन शब्दांवरून सांगता यावयाचे नाही.

भास्कर चंदावरकर या पुरुषाची आमच्याकडून जी उपेक्षा झाली, तिचे मूळ या प्रश्नात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९३६ साली जन्मलेले आणि २००९ साली पुण्यास निवर्तलेले चंदावरकर हे सतारीचे वादक, पं. रविशंकरांचे शिष्य, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९६५ पासून १९८० पर्यंत संगीताचे अध्यापक, देशोदेशीच्या वाद्यांचे व लोकसंगीताचे अभ्यासक, आणि मराठी, हिंदी, कानडी, बंगाली व उडिया अशा अनेक भाषांतील चित्रपटांचे संगीतकार होते. कुमार शाहनींचा ‘मायादर्पण’, गिरीश कार्नाडांचा ‘ओंदानोंदु कालदल्लि’, मृणाल सेनांचा ‘खंडहर’, नीरद महापात्रांचा ‘माया मिरिग’, अपर्णा सेनांचा ‘परमा’ ही नावे पाहिली तरी हा गृहस्थ किती निरनिराळ्या भूमींवर वावरला याची कल्पना येईल. आणि आम्हांस त्यांचे काय ठाऊक आहे? ‘सामना’तले लताबाईंचे गीत! ते गीत उत्तमच आहे. तथापि एका गीतावर एका आयुष्याची बोळवण करणे ही रसिकता नव्हे.

या दृष्टिदोषाचा इतिहास आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून संगीत म्हणजे पद, आणि पद म्हणजे ‘वन्स मोअर’, हे समीकरण आमच्या हाडीमासी खिळले. नाटक थांबते, गाणे होते, नाटक पुन्हा सुरू होते. ही थांबण्याची सवय घेऊनच आम्ही चित्रपटगृहात शिरलो. वास्तविक या सवयीस पहिला धक्का देणारा मनुष्य आमच्याचपैकी होता. केशवराव भोळे हे ‘शुद्धसारंग’ या नावाने गवयांची निर्भीड परीक्षणे लिहीत, १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’च्या संगीताने त्यांनी रंगभूमीचे वळण पालटले, आणि प्रभातच्या ‘कुंकू’त, १९३७ साली, पार्श्वभागी वाद्यमेळच नको, घरातले नित्याचे आवाजच पुरेत, हा त्या काळी साहसाचा वाटणारा प्रयोग झाला तेव्हाही संगीताची बाजू त्यांच्याकडेच होती. विचार करणारा संगीतकार हा प्राणी महाराष्ट्रात नवा नाही. त्यास ओळखणारा श्रोताच काय तो दुर्मिळ.

येथे कोणी म्हणेल, ‘पार्श्वसंगीत ऐकू येऊ नये हेच त्याचे यश, मग ते ऐकले नाही म्हणून आम्हांस दोष का?’ या आक्षेपास येवल्याच्या कोणत्याही जुन्या विणकराने उत्तर द्यावे. पैठणी घ्यावयास आलेले जाणते गिऱ्हाईक पदराची मोरबांगडी पाहून भुलत नाही. ते पदर उलटा करते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो, आणि यंत्रावरच्या नकलेच्या पाठीवर सुटे धागे लोंबत असतात. पाठ मिरविण्यासाठी नसते हे खरे, परंतु पारख तेथेच होते. आणि धूपछाव म्हणतात तो रंग ना एकट्या उभ्या धाग्यात असतो, ना एकट्या आडव्या. चित्र आणि ध्वनी यांच्या विणीतून जो तिसरा रंग उमटतो तो पाहण्याचे डोळे ज्यांस आहेत त्यांनी ‘श्वास’ पुन्हा पाहावा. २००४ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या राष्ट्रीय पारितोषिकाचे आम्ही पेढे वाटले. संगीत चंदावरकरांचे होते, हे किती जणांच्या ध्यानी राहिले?

दुसरा आक्षेप अधिक मानभावी आहे. विद्वत्तेने चाल कोरडी होते. संशोधकाने ग्रंथ लिहावे आणि चाली बांधणाराने बांधाव्या, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यास उभे राहिलेले ‘घाशीराम कोतवाल’ हे या मताचे प्रत्यक्ष खंडन आहे. त्यात कीर्तन आहे, लावणी आहे, दशावतारी खेळाची धाटणी आहे. आणि हे सारे ठिगळे लावल्यासारखे नसून, भजनाचा ठेका न कळत लावणीत शिरतो तेव्हा डोलणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेचे ढोंग एका अवाक्षरावाचून उघडे पडते. कीर्तनाची बैठक कोठे संपते आणि बारीची कोठे सुरू होते हे ज्यास पक्के ठाऊक नाही, त्याच्याने ही सीमा अशी ओलांडवणार नाही. तेंडुलकरांच्या शब्दांवर आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनावर आम्ही रणे माजविली. ज्या स्वरांनी तो डंख आमच्या अंगात भिनविला त्यांवर कोणी भांडलेच नाही. भांडणाच्याही योग्यतेचे आम्ही त्यांस मानले नाही!

याच्या उलट आजचा पडदा पाहा. ढोलकी वाजली की गाव आले, संबळ वाजला की देवी आली, तुतारी फुंकली की महाराज आले. वाद्ये ही जणू रंगाच्या डब्या झाली आहेत. परंतु वाद्यास धनी असतो, वेळ असते, जात असते, आणि कित्येकदा अपमानही असतो. ही गोष्ट येवल्याच्या माणसास तरी सांगावयास नको. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली ती या गावी. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी गावकीची कामे झुगारली, त्यांपैकी अनेकांनी लग्नामिरवणुकीपुढे वाजविण्याची सक्तीही तिच्याबरोबर झुगारली. ज्या नादाचा त्याग करण्यास एका समाजास एवढे धैर्य लागले, तो नाद केवळ ‘ग्रामीण वातावरण’ म्हणून पडद्यामागे टाकणारा संगीतकार अडाणी तर खराच; तो अन्यायही करतो. डॉ. अशोक रानड्यांनी १९७५ साली ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिले ते अशा अडाणीपणास औषध म्हणूनच उपयोगी पडावे. पण औषधाची बाटली कपाटात ठेवून रोग बरा झाल्याचे ऐकिवात नाही.

आता प्रश्न राहतो तो आमच्या स्वतःच्या कर्तव्याचा. चंदावरकरांचे लेख ‘वाद्यवेध’, ‘चित्रभास्कर’, ‘रंगभास्कर’ अशा ग्रंथांतून वाचावयास मिळतात. ते ज्यांच्या घरी नसतील त्यांनी एक साडी कमी घ्यावी. परंतु वाचून भागणारे नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कामास एक फ्रेंच मनुष्य लागला, याची खंत आम्हांस वाटते किंवा नाही? येवल्याच्या गल्ल्यांतून हातमागाचा खटका अजून ऐकू येतो. कोटमगावच्या जगदंबेच्या यात्रेस नवरात्रात माणसे अजून जातात. जाती उंबऱ्याआड पडली असली तरी ज्यांनी ती ओढली अशा म्हाताऱ्या अजून आहेत. घरोघरी पोरांच्या हाती ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे आणि त्यावर ती काय ऐकतात हे आपण जाणतोच.

महाविद्यालयाने दर वर्षी दहा विद्यार्थी या कामास लावावे. वाचनालयाने एक कपाट द्यावे. खर्च म्हणाल तर एका सत्कारसमारंभाच्या शालींपेक्षा अधिक नाही. मात्र नोंद करताना नुसते गाणे टिपून परत येऊ नये: गाणारीचे वय काय, तिने ते कोणाकडून घेतले, कोणत्या कामावर आणि कोणत्या महिन्यात ते म्हणत, कोणासमोर म्हणत नसत, आणि ते केव्हापासून म्हणावयाचे थांबले, हे सारे तिलाच विचारून तिच्याच शब्दांत लिहावे.