चौकटीत दिसणारा सात

समजा, एका गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ६.८ ग्रॅम आले. सावद्याजवळच्या एखाद्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका ते नोंदवहीत तसेच लिहिते. पुढे तो आकडा एक्सेलच्या तक्त्यात जातो, तक्ता रावेरच्या तालुका आरोग्य कार्यालयात आणि तिथून जळगावला जिल्हा परिषदेत. वाटेत कोणीतरी रकाने अरुंद करते, कारण सगळा तक्ता एका पानावर छापायचा असतो. रकाना फारच अरुंद झाला की एक्सेल दशांश गाळते आणि ६.८ च्या जागी ७ दाखवते. कोणी काही खोडलेले नसते, चुकीचे टाइप केलेले नसते. तरी छापील यादीत त्या बाईपुढे सात असतो.

या सातला वैद्यकीय अर्थ आहे. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. सात ते दहाच्या दरम्यान असेल, तर ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात लोहाच्या रोज दोन गोळ्या आणि दरमहा तपासणी. सातच्या खाली मात्र डॉक्टरांनी पाहायचे, शिरेतून लोह देण्याचा विचार करायचा, शेवटच्या तीन महिन्यांत असेल तर दाखलच करायचे. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तर अशा बाईला तो सोसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यातल्या तीव्र रुग्ण वेचून काढणे हेच तर या याद्यांचे काम.

तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी असतात. आत साठवलेला आकडा आणि वर दिसणारा आकडा. किती दशांश दाखवायचे, स्वल्पविराम कुठे द्यायचा, तारीख कशी मांडायची, हे फॉरमॅट ठरवतो. आतला आकडा तो बदलत नाही. केळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. काट्यावर भरलेले वजन आणि पावतीवर चढलेले वजन या दोन गोष्टी असू शकतात, हे त्याला पक्के माहीत असते.

गंमत अशी की संगणक मोजताना आतला आकडा घेतो. म्हणजे ‘सातपेक्षा कमी किती’ या सूत्राचे उत्तर येते तीन, आणि डोळ्याला यादीत सापडतात दोन. मग कोणीतरी उत्साही माणूस तिनाचे दोन करून टाकतो. नवजात बाळाच्या वजनातही हेच. २.४६ किलोचे बाळ एका दशांशात २.५ दिसते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जोखमीचे धरतात, पण हे बाळ त्या यादीतून डोळ्यांदेखत निसटते. वजन ग्रॅममध्ये, २४६० असे लिहिले की दशांशाचा प्रश्नच उरत नाही.

इथपर्यंतचे नुकसान भरून येते, कारण खरा आकडा आत शाबूत असतो. तक्ता सीएसव्ही फाइल म्हणून साठवला की ती सोय संपते. एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेताना ही फाइल नेहमी वापरली जाते, आणि एक्सेल तिच्यात जे दिसते तेच लिहिते. दिसणारा सात आता खराच सात होतो. आधारचा १२ अंकी किंवा ‘आभा’चा १४ अंकी क्रमांक साध्या चौकटीत टाकला, तर एक्सेल तो १.२३४५७, पुढे इंग्रजी ई आणि +११, अशा शास्त्रीय पद्धतीने दाखवते. त्याच रूपात तो साठवला गेला की शेवटचे आकडे कायमचे गेले. शिवाय एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ च अंक जपते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. त्यांचा सोळावा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्ये तर टाइप करताक्षणीच गळतात. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये खात्यात का आले नाहीत, याचे उत्तर कधीकधी इतके साधे असू शकते.

सर्वात धोकादायक तारीख. शेवटच्या पाळीची तारीख ०५/०६/२०२५, म्हणजे ५ जून. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो ती ६ मे समजतो. २८० दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख १२ मार्चऐवजी १० फेब्रुवारी येते. त्या दिवशी कळा सुरू झाल्या, तर तक्ता म्हणेल चाळीस आठवडे पूर्ण. प्रत्यक्षात झालेले असतील पस्तीस आठवडे पाच दिवस. बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

हा गोंधळ रावेर-यावलच्या कचेऱ्यांपुरता नाही. ‘सेप्ट’ आणि ‘मार्च’ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल सप्टेंबर-मार्चच्या तारखा समजत असे. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावे बदलली. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय २०२३ मध्ये दिली. जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या संगणकांना तिचा उपयोग नाही.

तोवर उपाय हाती आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. क्रमांकांचा रकाना काहीही भरण्याआधी ‘टेक्स्ट’ करावा. हिमोग्लोबिनच्या रकान्याला एक दशांश ठरवून द्यावा. मग रकाना अरुंद झाला तर चौकटीत नुसत्या फुल्या-जाळ्या दिसतात, आणि खोट्या सातापेक्षा त्या बऱ्या. तारखेत महिना अक्षरांत लिहावा. आणखी एक खूण: एक्सेलने जे संख्या किंवा तारीख म्हणून ओळखले ते चौकटीत उजवीकडे सरकते, जे नुसती अक्षरे मानले ते डावीकडे राहते. तारखांच्या रकान्यात काही उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या, तर तक्ता पुढे पाठवण्याआधी उपकेंद्राची नोंदवही मागवावी.