जाण हवी, पडताळाही हवा

बीड शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे. १५८२ च्या सुमारास निजामशाहीतील सलाबतखानाने ती बांधवली. रचनेचे श्रेय राजा भास्कर यांना दिले जाते. दोन भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या वाटेने, उताराच्या बळावर, शेतांकडे जाते. मोट नाही, पंप नाही. डोंगराचा उतार, जमिनीतला झरा आणि खालची शेती यांचा मेळ कुणाला तरी आधी उमगला, मग कुदळ पडली.

सगळ्यांना दिसणाऱ्या सुट्या गोष्टींमधला संबंध ओळखणे, ही खरी जाण. कलेतही तीच लागते. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा अवघड विषय सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर मजकूर आणि आकृत्यांनी मांडला. गुंतागुंतीचा विचार एका नजरेत आणला तर तो पेलतो, हे त्यांनी हेरले होते.

तरीही प्रत्येक अंदाजाला जाण म्हणता येणार नाही. याच बीड जिल्ह्यात तळहातावर नारळ धरून पाणाड्या बांधावरून चालतो, नारळ कलला की तिथे बोअरची गाडी उभी राहते. धुरळाच धुरळा उडून बोअर कोरडा गेला, तरी कर्ज शेतकऱ्याच्याच नावावर राहते. पाणी लागलेली एक जागा वर्षानुवर्षे सांगितली जाते, कोरड्या गेलेल्या जागांची नोंद कुणी ठेवत नाही. नोंद नसेल तर अनुभव कितीही जुना असला तरी त्यातून शिकायला मिळत नाही.

मग सगळे मोजमापावर आणि नियमावर सोपवावे का? ऊसतोड महिलांच्या प्रश्नाने याचे उत्तर दिले आहे. गर्भपिशवी काढलेल्या बायका गावोगाव होत्या. दवाखान्याच्या कागदावर प्रत्येकीची शस्त्रक्रिया स्वतंत्र होती. उसाच्या फडावर एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड लागतो, आधी घेतलेली उचल फेडायची असते, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात, राहत्या जागी ना संडास ना न्हाणी. बायकांचे ऐकून घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी या गोष्टी शस्त्रक्रियांशी जोडून पाहिल्या. ही जाण नसती तर मोजणी झालीच नसती. आणि २०१९ मध्ये मोजणी झाली नसती, तर ही तक्रार सांगोवांगी ठरली असती. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक.

त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. यावर डॉक्टरांचा आक्षेप समजून घ्यायला हवा. रोग्याला हात लावून होणारे निदान कागदात मावत नाही, आणि खरोखर गरज असलेल्या बाईला परवानगीसाठी थांबावे लागले तर त्रास तिलाच होतो. पण ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला कर्करोगाच्या भीतीपोटी मुकाट्याने मान्य करणाऱ्या बाईला दुसऱ्या तज्ज्ञाचे मत परवडत नव्हते. परवानगीच्या अटीमुळे ते तिला मिळण्याची सोय झाली. हे पारडे जड आहे, म्हणून नियम राहायला हवा. मात्र निर्णय लवकर देण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी.

एवढ्यावर थांबणे मात्र चूक ठरेल. परवानगीची अट शस्त्रक्रिया अडवते. खाडा, उचल आणि उघड्यावरचा संसार यांना ती हात लावत नाही. ज्या जाणेने हा प्रश्न उजेडात आणला, ती या मुळांपर्यंत पोहोचली होती. म्हणून साखर कारखाने आणि शासनाने पाळी व आजारपणाच्या दिवसांचा खाडा बंद करावा, मजुरांच्या कोप्यांजवळ संडास-न्हाणी द्यावी आणि दर हंगामाअखेर महिलांच्या आरोग्याची पुन्हा मोजणी करावी. उपाय लागू पडला की नाही, ते तेव्हाच कळेल.