नातवाची गाडी, सबवूफर आणि आमच्या घरातले कान



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणांबद्दल लिहिलं होतं आणि आज एकदम गाडीतल्या सबवूफरवर, म्हणून हसू नका. सबवूफर म्हणजे गाण्यातला फक्त खर्जाचा, धमधम आवाज काढणारा मोठा स्पीकर. लग्नाच्या वरातीत छातीत घुमतो ना, तोच. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा नातू आहे. आज ना उद्या हा विषय तुमच्या दारात येणार आहे. तेव्हा "कशाला हवंय ते?" एवढं म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही तेच म्हणाले होते. पण ते उत्तर पुरत नाही, असं माझं आता मत झालंय.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं न्यू जर्सीला मुलाकडे होतो. नातू कॉलेजात आहे. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने जुनी माझदा मिआटा घेतली, 2003 सालची. दोनच सीटची, कापडी छताची, बुटकी स्पोर्ट्स कार. ही गाडी 1989 साली आली आणि तशा छोट्या उघड्या गाड्यांत जगात सगळ्यात जास्त खपली, हे त्याने मला निदान दहा वेळा तरी सांगितलं असेल. त्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं खाली बसायचं. उठताना मात्र नातवाचा हात लागतो.

गाडी घेऊन महिना झाला नाही तोच त्याला सबवूफर हवा झाला. डिकीत बसवायची मोठी पेटी, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, सगळं मिळून नऊशे डॉलर. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा त्याला. तुमचं ऐकतो."

सांगण्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. आम्ही इचलकरंजीचे. 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे सगळं गावच मागावर उभं राहिलं. आमच्याकडे आठ माग होते. ह्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ धोट्याच्या मागांच्या खटखटाटात काढला. माग चालू असलेल्या खोलीत नव्वद डेसिबलच्या वर आवाज असतो. तेव्हा कानात घालायला कापसाचा बोळा होता, आणि तोही घालायला पुरुषांना लाज वाटायची. आता हे सत्तरीला आले आणि दोन्ही कानांनी कमी ऐकतात. लोकांना वाटतं, मोठ्याने बोललं की झालं. तसं नाही. मागाच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. स, श, त, क अशी अक्षरं विरून जातात. आवाज कळतो, शब्द कळत नाही. हे नेहमी म्हणतात, "अगं, ओरडू नकोस. ऐकू येतंय, समजत नाहीये." प्रवचनाला जातात, पुढे बसतात, आणि घरी येऊन मला विचारतात, महाराज काय म्हणाले?

ज्याच्या आजोबांचे कान पोटासाठी गेले, त्याने पैसे मोजून आवाज विकत घ्यावा, याचा मला राग आला होता. खरं कारण हे होतं. पण नातवाला मी तेही सांगितलं नाही. नुसतं "कशाला हवंय?" म्हणाले. तो "बरं आजी" म्हणाला आणि गुपचूप व्हिडिओ बघत बसला. आपल्या नकाराने मुलांची इच्छा जात नाही, ती फक्त आपल्या पाठीमागे जाते.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्याच्याजवळ बसले. म्हटलं, नऊशेचा हिशेब दाखव. मी बी.कॉम. आहे रे, वॉट मला कळत नाहीत, पण आकडे कळतात.

पहिलाच आकडा बघून मला हसू आलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नऊशे वॉट, आणि बारीक अक्षरांत आर.एम.एस. दीडशे. आर.एम.एस. म्हणजे सतत, न दमता देता येईल ती ताकद. मोठा आकडा क्षणभराचा. आपल्या भाषेत एक दुकानाची उलाढाल आणि दुसरा निव्वळ नफा. कर्ज देणारा नफा बघतो, उलाढाल नाही. मुलींनो, कुठलाही स्पीकर घेताना बारीक अक्षरांतलाच आकडा वाचायला सांगा.

दुसरा प्रश्न डिकीचा. ह्या गाडीत बसायची जागा आणि डिकी यांच्यामध्ये लोखंडी पडदी आहे. साध्या मोटारीत मागची सीट म्हणजे गादीच, तिच्यातून खर्ज सहज पुढे येतो. इथे डिकीत पेटी ठेवली तर डिकीचं झाकण थरथरणार, मागच्या गाडीवाल्याला धमधम ऐकू जाणार, आणि चालवणाऱ्याला त्यातलं थोडंच मिळणार. शिवाय छत उघडलं की बंद गाडीत खर्जाला मिळणारा आधारही जातो. म्हणजे खर्च नातवाचा आणि लाभ रस्त्याचा! हे त्यालाही पटलं.

मग बेत बदलला. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला, आठ इंची, चपटा सबवूफर गाडीच्या आत ठेवायचा. त्याने जागा शोधली सीटच्या मागच्या फळीवर. चार स्क्रू मारले की पक्का.

शनिवारी लवकर जेवणं उरकून आम्ही सगळे गॅरेजमध्ये गेलो. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळायला साडेआठ होतात, त्यामुळे जेवणानंतरही भरपूर उजेड होता. नातवाने गालिचा उचलला, ड्रिल हातात घेतलं. हे खुर्ची टाकून बघत होते. आमचं बोलणं त्यांना कळत नव्हतं, पण ड्रिल कळत होतं. ते उठले, त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि विचारलं, "खाली काय आहे?"

"पत्रा आहे आजोबा."

"पत्र्याच्या खाली?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने गाडीचं मॅन्युअल उघडलं आणि खालीच बसला. ह्या गाडीत त्या फळीच्या खाली पेट्रोलची टाकी आहे. पेट्रोलचा पंप काढायचं झाकणसुद्धा तिथेच, गालिच्याखाली. त्याने बघितलेल्या व्हिडिओत दुसरीच गाडी होती.

कोणी काही बोललं नाही. सूनबाई आत निघून गेली. हे मात्र शांतपणे म्हणाले, "मागाच्या सांगाड्याला भोक पाडताना आम्ही आधी पलीकडे हात घालून बघायचो." बस, एवढंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की मुलाने गाडीत काही बसवायचं ठरवलं तर घरातल्या मोठ्यांनी तिथे असावं. आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणून आत जाऊन बसू नये. "खाली काय आहे?" हा प्रश्न विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

शेवटी तो सबवूफर चालकाच्या शेजारच्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथे बसवला. आधीपासून असलेल्या बोल्टला पट्टी लावून घट्ट आवळला, एकही नवीन भोक न पाडता. सैल पेटी ठेवायची नाही. गाडी जोरात थांबली तर तीच पेटी अंगावर येते.

वायरिंग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. ह्या जुन्या मिआटात बॅटरी पुढे नसून डिकीत असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग पॉझिटिव्हपासून जाड वायर घेतली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. मी विचारलं, फ्यूज स्पीकरजवळ का नाही? तो म्हणाला, "आजी, फ्यूज स्पीकरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर सगळी बॅटरी तिच्यातून धावेल आणि आग लागेल. म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ, तितकं बरं." फार तर दीड फूट, असा नियम तिकडचे कारागीर पाळतात. मला लगेच कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आठवला. स्वतः वितळतो आणि स्वयंपाकघर वाचवतो. तो झाकणावरच असतो, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नाही!

फ्यूजचा आकडाही आम्ही वहीत मांडला. दीडशे वॉटला बारा व्होल्टवर साडेबारा अँपिअर. अ‍ॅम्प्लिफायर स्वतः तापतो त्यात थोडे जातात, म्हणून पंधरा-सोळा धरायचे. वायर त्याहून जास्त पेलणारी हवी, आणि फ्यूज वायरला झेपेल त्याच्या आतला. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे शिट्टी होते म्हणून कुकरचा व्हॉल्व्ह बंद करण्यासारखं. अर्थिंगची वायर आखूड ठेवली आणि रंग खरवडून कोऱ्या लोखंडावर आवळली. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी कडं आहे ना, ते हात लावून बघितलं.

खर्च झाला दोनशे तीस डॉलर. नऊशेतले उरलेले सहाशे सत्तर त्याच्या खात्यावर राहिले.

आता कानांचं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, निऑशचा, एक सोपा हिशेब आहे. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालेल. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. चक्रवाढ व्याज उलटं चालवल्यासारखं आहे हे. आणि एक मेख आहे. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप बहुधा खर्जाचा आवाज मुद्दाम कमी धरतं, कारण माणसाचा कानही तो कमी ऐकतो. त्यामुळे धमधम चालू असतानाही आकडा सभ्य दिसतो. मुलगा मोबाइल दाखवून म्हणाला "बघ, कमीच आहे", तर एवढ्यावर सोडू नका.

हे मी नातवाला सांगितलं, आणि त्याबरोबर आजोबांच्या कानांचंही सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं. तो ऐकत राहिला. मग त्याने यंत्रावरच आवाजाची वरची मर्यादा लावून टाकली. आपल्याकडे परिग्रहाचं परिमाण असतं ना, किती ठेवायचं ते आधीच ठरवायचं, मोह झाल्यावर नाही. तसंच हे.

सुरू केल्यावर त्याने तबलावादन लावलं, माझ्यासाठी. हे दारात उभे होते. मी त्यांना सीटवर बसवलं. पाय त्या पेटीला लागले. डग्गा घुमला आणि हे दचकले. मग वाकून तळहात पेटीवर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. तरुणपणी कोल्हापूरला देवल क्लबात गाणं ऐकायला जायचे हे. मला म्हणाले, "अगं, बायां स्पष्ट येतोय." खर्ज अजून शाबूत आहे त्यांचा. आणि जिथे कान पुरत नव्हता तिथे तळहात होता. नऊ-दहा वर्षांत गाणं ऐकताना त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

म्हणून मी आता त्या पेटीला नावं ठेवत नाही. ज्या वस्तूला मी उधळपट्टी म्हणत होते, ती आमच्या घरात एका माणसाच्या कामी आली. पण रस्त्यावर दुसऱ्याच्या खिडक्या हलवणारी तीच पेटी माझ्या लेखी अनर्थदंड. आपला काही लाभ नाही, आणि आजारी माणसाची, तान्ह्या बाळाची झोप मोडायची. आपल्या देशात 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. नियम कागदावर आहेत, पण गल्लीत ते आपल्याच मुलांनी पाळायचे आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलाने मागितलं तर नुसतं नाही म्हणू नका. खोक्यावरचा बारीक आकडा वाचा. ड्रिलच्या खाली काय आहे ते विचारा. फ्यूज बॅटरीजवळ आहे ना, बघा. आणि त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसवून सांगा, की कान गेले की काय जातं.

आम्ही परत आलो. नातू दर रविवारी फोन करतो. आजोबांशी बोलताना हळू, एकेक शब्द सुटा करून बोलतो. पूर्वी ओरडायचा.